कार्यानुभवाचा तास : लोरेटो डे स्कूल, सियालदा

(दृश्य : सियालदा स्थानक, सकाळची वेळ. उपनगरी गाड्यांतून उतरणारी गर्दी, भाजीच्या पाट्या, हमाल.)

कोलकात्याचं सियालदा स्थानक. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी याच फलाटांवर बिऱ्हाडं मांडली होती. शहरात पोटापाण्यासाठी येणारा माणूस आजही इथेच उतरतो. कुणाला खोली मिळते, कुणाला झोपडी, आणि ज्यांना काहीच मिळत नाही त्यांची मुलं फुटपाथवर वाढतात.

स्थानकाजवळच आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यावर लोरेटो डे स्कूल आहे. कॅथलिक व्रतस्थ भगिनींनी चालवलेली ही मुलींची शाळा.

१९७९ साली सिस्टर सिरिल मूनी इथे मुख्याध्यापिका झाल्या. त्या मूळच्या आयर्लंडमधल्या ब्रे गावच्या. १९५६ साली, विशीत असतानाच भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. प्राणिशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. त्यांनी सूत्रं हाती घेतली तेव्हा शाळेत ७९० मुली होत्या आणि त्यांतल्या जेमतेम ९० गरीब वस्त्यांतल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुलींची संख्या १४०० वर गेली आणि त्यांतल्या निम्म्या मुली फी भरत नव्हत्या. डॉक्टरची मुलगी आणि हातरिक्षा ओढणाऱ्याची मुलगी एका बाकावर, एकाच गणवेशात.

एवढ्यावर थांबल्या असत्या, तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण फुटपाथवरच्या मुलींचा प्रश्न प्रवेश देऊन सुटणारा नव्हता. नऊ-दहा वर्षांची मुलगी, आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही. सकाळी भंगार वेचायचं, दुपारी धाकट्या भावाला सांभाळायचं. तिला पहिलीत बसवलं तर लाजून पळेल, चौथीत बसवलं तर काही कळणार नाही. आणि शाळेची घंटा काही तिच्या सवडीनं वाजत नाही.

(दृश्य : शाळेचा जिना, वर मोकळी गच्ची. जमिनीवर जोडीजोडीनं बसलेल्या मुली.)

याच शाळेच्या गच्चीवर ऐंशीच्या दशकात सुरू झालेल्या ‘रेनबो’ शाळेनं यावर जो उपाय काढला, तो आजही नवा वाटतो. फुटपाथवरची मुलगी सवड मिळेल तेव्हा येणार. उशीर झाला म्हणून कुणी रागावणार नाही, दोन दिवस खाडा झाला म्हणून नाव कापलं जाणार नाही. ती आली की तिला शिकवायला एक मुलगी समोर बसणार. बाई नव्हे, मुलगी! पाचवी ते दहावीच्या नेहमीच्या वर्गांतली विद्यार्थिनी.

इथे कुणाही आईबापाच्या मनात प्रश्न येईल : मग आमच्या मुलीच्या अभ्यासाचं काय? ती शाळेत शिकायला जाते की शिकवायला?

उत्तर वेळापत्रकातच होतं. पश्चिम बंगालच्या अभ्यासक्रमात कार्यानुभव हा विषय आहे. आपल्याकडेही होता, कागदाची फुलं, लोकरीची तोरणं, आणि आदल्या रात्री ती पूर्ण करत बसलेली आई आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. सियालद्याच्या शाळेनं कार्यानुभवाचे तास रेनबोच्या मुलींना देऊन टाकले. एक वर्ग अभ्यासाला बसलेला असे तेव्हा दुसरा गच्चीवर शिकवत असे. सगळे वर्ग आळीपाळीनं येत, त्यामुळे गच्चीवर दिवसभर कुणी ना कुणी शिकवणारं असायचंच.

एकीला एक. चाळीस जणींत हरवून जायची सोय नाही. समोरची बारा वर्षांची ‘दीदी’ पाटीवर अक्षर काढते, ही गिरवते. चुकलं तर पुन्हा. तयारी झाली, की वयाला साजेशा वर्गात तिचा प्रवेश होतो, इथे नाहीतर दुसऱ्या एखाद्या शाळेत. आणि ज्यांना रात्री रस्त्यावर झोपणं धोक्याचं होतं, त्या मुली शाळेतच राहू लागल्या. रस्त्यावर वाढणाऱ्या मुलीला रात्रीची भीती काय असते, हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य : प्रार्थनागृह. पवित्र मरियेची मूर्ती, मेणबत्त्या, बाकांवर गुडघे टेकलेल्या मुली.)

या सगळ्यात धर्म कुठे आहे, असं कुणी विचारेल.

लोरेटो भगिनींच्या परंपरेचं मूळ मेरी वॉर्ड या इंग्रज स्त्रीकडे जातं. १६०९ साली तिनं जो संघ सुरू केला, त्यातल्या भगिनींनी मठाच्या भिंतीआड न राहता लोकांत जावं, मुलींना शिकवावं, असा तिचा आग्रह होता. त्या काळी हे धाडसच. १६३१ साली पोपनं संघ बरखास्त केला, आणि मेरी वॉर्डला म्युनिकमध्ये पाखंडी म्हणून काही काळ कोंडून ठेवण्यात आलं. संस्थापिका म्हणून तिला चर्चची मान्यता मिळाली ती थेट १९०९ साली. तिच्या परंपरेतल्या आयरिश भगिनी १८४१ च्या डिसेंबरात कलकत्त्याला पोचल्या, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी शाळा उघडली.

गंमत बघा, पुढे याच भगिनींभोवती मठाच्या भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. सियालद्याच्या जवळच एंटाली भागात लोरेटोच्या आवारात सेंट मेरीज ही बंगाली माध्यमाची मुलींची शाळा होती. तिथे १९४४ साली मुख्याध्यापिका झालेल्या मदर तेरेसा भूगोल शिकवत. भिंतीपलीकडे मोतीझीलची झोपडपट्टी. भगिनींना बाहेर जायची मुभा नव्हती, पण मुलींना होती. ‘सोडॅलिटी’ या मरियाभक्त मुलींच्या मंडळातल्या विद्यार्थिनी बेल्जियन जेझुइट धर्मगुरू फादर हेन्री यांच्या मार्गदर्शनाखाली वस्तीत आणि इस्पितळात जात. आधी जपमाळ, प्रार्थना, मग चिखलातून वाट काढत आजाऱ्यांच्या घरी. परत आल्या की पाहिलेलं बाईंना सांगत.

१९४८ साली त्या बाई परवानगी काढून स्वतःच बाहेर पडल्या. मोतीझीलमध्ये त्यांनी पहिली शाळा भरवली, तेव्हा फळा नव्हता. काठीनं जमिनीवर अक्षरं काढली. १९४९ च्या मार्चमध्ये त्यांच्यासोबत राहून हे काम करायला आलेली पहिली मुलगी सेंट मेरीजचीच विद्यार्थिनी होती : सुभाषिनी दास, पुढच्या सिस्टर ॲग्नेस. मला वाटतं, मदर तेरेसांची गोष्ट सांगताना या शाळकरी मुली फारच मागे राहतात. वस्तीची वाट त्यांच्या पायाखालची आधी होती.

(दृश्य : सियालद्याच्या शाळेतली सकाळची प्रार्थना.)

सियालद्याच्या शाळेत कॅथलिक मुली आहेत, तशाच हिंदू आणि मुसलमानही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आणि धर्मशिक्षण कॅथलिक मुलींसाठी. सगळ्यांना सामायिक आहे ते मूल्यशिक्षण. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, की भुकेल्याला, उघड्याला, परक्याला तुम्ही जे दिलंत ते मलाच दिलंत. त्याचा इथला अर्थ समजायला बाप्तिस्मा लागत नाही. आणि कॅथलिक मुलीला तो केवळ पाठ म्हणून चालत नाही. रविवारी मिस्सेत ऐकलेलं वचन आठवड्यातल्या एका तासाला तिच्यासमोर विस्कटलेल्या केसांनी येऊन बसतं, तिची पेन्सिल मागतं.

मुलींचं काम शाळेच्या आवारात मावलं नाही. आठवड्यातून एकदा त्यांच्या तुकड्या बसनं खेड्यांतल्या शाळांत जाऊन तिथल्या मुलांना शिकवू लागल्या. पण सगळ्यांत अवघड काम त्यांच्या घराजवळच होतं. घरकामाला ठेवलेल्या मुली! शेजारच्या फ्लॅटमध्ये भांडी घासणारी, बाळ सांभाळणारी आठ-दहा वर्षांची पोर. तिची नोंद कुठेच नसते. शाळेतल्या मुलींनी आपापल्या भागात अशा मुली शोधायला घेतल्या. आधी ओळख, मग खेळ, मग मालकिणीशी बोलणी : काकू, हिला दोन तास शाळेत सोडाल का?

हे बोलायला छाती लागते. ती काकू कदाचित आईची मैत्रीण असते. झोपडपट्टीत जाऊन दया दाखवणं त्या मानानं सोपं. आपल्याच वर्गातल्या माणसांच्या दारात उभं राहून हे विचारणं, आणि तेही चौदाव्या वर्षी... माझ्या लेखी या शाळेच्या श्रद्धेची खरी कसोटी तिथे लागते.

सिस्टर सिरिल २०११ साली मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. त्याआधी, २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. जून २०२३ मध्ये कोलकात्यातच त्यांचं निधन झालं.

(दृश्य : कोलकात्यातली एक शाळा, संध्याकाळ. वर्ग सुटले आहेत.)

शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांची सोडत महाराष्ट्रातल्या पालकांना चांगलीच ठाऊक आहे. तो कायदा झाला २००९ साली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना त्यातून वगळलं. म्हणजे गरीब मुलींना जागा दिल्या तेव्हा लोरेटोसारख्या शाळेवर सक्ती नव्हती, आणि पुढे कायदाही तिला लागू राहिला नाही. निम्म्या जागा तिनं आपणहून दिल्या होत्या, कायदा यायच्या कितीतरी आधी.

रेनबोची कल्पना पुढे लोरेटोच्या इतर शाळांनी घेतली. मग ती हैदराबाद, दिल्लीसारख्या शहरांत गेली, पुण्यातही रेनबो निवासगृहं सुरू झाली. त्यामागचं गणित साधं आहे. शहरात बेघर मुलींसाठी जागा नाही, असं आपण म्हणतो. पण छप्पर, नळ, स्वच्छतागृह आणि कुंपण असलेल्या शाळांच्या इमारती संध्याकाळी पाचनंतर रिकाम्या असतात. त्यांतल्या दोन-तीन खोल्या मिळाल्या, की मुलींच्या राहण्याची सोय होते, आणि सकाळी शाळा तिथेच असते.