सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही

(एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, बोललं तसंच, थोडी काटछाट करून)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, काल याच खुर्चीवर बसून एक प्राध्यापक कापसाच्या भावावर बोलून गेले, आणि आज तुम्ही मिस्त्रीला बसवलं. माझ्या हाताला डिझेलचा वास आहे, तो साबणानं जात नाही. पुढच्या रांगेनं सांभाळून घ्यावं.

आम्हाला फोन येतो तो एकाच वाक्याचा. "मिस्त्री, गाडी चालू नाही होऊन राह्यली." आता या वाक्यातून काय कळतं? काहीच नाही. पोट दुखतं म्हटल्यावर डॉक्टरला जेवढं कळतं तेवढंच. म्हणून मी उलट विचारतो, सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी बॅटरीवरची मोटर, फिरतो का? सेल्फच फिरत नसेल, नुसतं टक् वाजून गप्प बसत असेल, तर तो बॅटरीचा, केबलचा, सेल्फचा आजार. तो आज बाजूला ठेवू. आज बोलायचं ते सेल्फ खणखणीत फिरतो, इंजिन गरागरा घुमतं, पण पकडत नाही, त्याबद्दल. आणि बोलतोय ते जुन्या गाडीबद्दल. नव्या कॉमन रेल गाडीत डिझेल कॉम्प्युटर सोडतो, तिला आधी स्कॅनर लावावा लागतो, तिथं माझ्यासारख्याचा कान चालत नाही.

जुनी गाडी म्हणजे कोणती? टाटांची टेल्को आणि जर्मनीच्या डायमलर-बेंझचा करार १९५४ चा. तो १९६९ ला संपेपर्यंत आपल्या रस्त्यावरच्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. करार गेला, पण इंजिनाची ती घडण मागं राहिली. सहा सिलिंडर, लाइनीत उभा डिझेल पंप, पंपावर मायकोचं नाव. मायको म्हणजे बॉशची १९५१ ची बंगलोरची कंपनी. मद्रासकडची लेलँड त्याच वयाची. १९८६ ला टाटांची छोटी ४०७ आली, आणि ट्रक आपल्या गावातल्या बोळीत शिरायला लागला. या सगळ्या गाड्यांमध्ये इंजिन चालू व्हायला कॉम्प्युटर लागत नाही. तीनच गोष्टी लागतात.

पेट्रोलच्या इंजिनात प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये ठिणगी नाही. पिस्टन वर येताना हवा सोळा-सतराव्या हिश्श्यात दाबतो, आणि दाबल्यानं ती तापते. सायकलच्या पंपाचं खालचं टोक गरम होतं ना, तसंच, फक्त इथं हवा पाचशे अंशांच्या वर जाते. त्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारते आणि तो आपसूक पेटतो. म्हणजे पहिली गोष्ट दाब. दुसरी, डिझेल, तेही फवारा होऊन आणि वेळेवर. तिसरी, फिरण्याचा वेग. इंजिन मरगळल्यासारखं फिरलं, तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते, सिलिंडरच्या थंड भिंतींना उष्णता देऊन टाकते, आणि पेटण्याइतकी तापतच नाही.

मग यातलं काय गेलं हे ओळखायचं कसं? फोनवर माझा दुसरा प्रश्न ठरलेला आहे. "सेल्फ मारताना सायलेन्सरातून धूर निघून राह्यला का?" बरेच ड्रायव्हर यावर चिडतात. अहो, गाडी चालू नाही तर धूर कुठून येईल? येतो. डिझेल सिलिंडरात पोचलं आणि जळलं नाही, तर त्याची वाफ पांढुरका, डोळ्याला झोंबणारा धूर होऊन बाहेर पडते. म्हणून क्लीनरला मागं उभं करा आणि सेल्फ मारा. पांढरा धूर दिसला, तर डिझेल पोचतंय, जळत नाही. काहीच दिसलं नाही, तर डिझेल पोचतच नाही. अर्धं इंजिन एका नजरेत बाद झालं, आणि अजून एकही पाना उचलला नाही.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं तेव्हाची गोष्ट सांगतो. एकोणीस-वीस वर्षांचा होतो. पांढरकवड्याहून हिंगणघाटच्या जिनिंगला कापूस घेऊन निघालेली गाडी वडनेरच्या अलीकडे बंद पडली. तेव्हा त्या रस्त्याला सात नंबरचा हायवे म्हणायचे, आता चव्वेचाळीस म्हणतात. उस्ताद गावी गेलेले, म्हणून मालकानं मला पाठवलं. मी काय केलं, सरळ पंपाला हात घातला. त्याचे डिलिव्हरी व्हॉल्व्ह, म्हणजे नोझलकडे डिझेल सोडणारे, खोलले, तेही रस्त्याच्या कडेला, वारं सुटलेलं, कापसाची रुई उडून राहिलेली. एक स्प्रिंग मातीत गेली ती गेलीच. सकाळी उस्ताद एसटीनं उतरले. पंपाकडे बघितलंसुद्धा नाही, थेट टाकीकडे गेले. टाकीचं झाकण कधीचं हरवलेलं, ड्रायव्हरनं तोंडात चिंधी कोंबलेली. त्या चिंधीचे धागे आत पडून पडून टाकीतल्या पाइपाच्या तोंडाशी बोळा होऊन बसले होते. उस्तादांनी फीड पंपाकडचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाकडचा, पाइप सोडला आणि फुंकर मारली. टाकीत गुडगुड आवाज आलाच नाही. मग जोर लावला, आणि भसकन आला.

दहा मिनिटांचं काम होतं. पण मी पंप खोलून ठेवलेला, म्हणून तो नागपूरला पंपवाल्याकडे गेला आणि गाडी आठ दिवस तिथंच उभी राहिली. पंपातला प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दांडा, आणि त्याचं बॅरल यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. त्या फटीत आपल्या काळ्या मातीचा एक कण गेला तर काय होईल, विचार करा. उस्ताद मला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "काहून बे, खिशातली किल्ली हरवली तर आधी घर पाडशीन का?"

तर धूर नाही, डिझेल पोचत नाही. सुरुवात कुठून? सगळ्यात आधी स्टॉपची वायर. केबिनमधली घुंडी ओढली की पंपावरचा लिव्हर डिझेल तोडतो आणि इंजिन बंद होतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली की ती वायर गंजून ओढल्या जागी अडकते. घुंडी आत गेलेली दिसते, पण लिव्हर बंदच्या जागी. एकदा वणीच्या पलीकडे मी चाळीस किलोमीटर गेलो, बोनट उघडलं, आणि बोटानं तो लिव्हर ढकलला. गाडी चालू. मालक मला पैसे किती द्यायचे विचारायलाही लाजत होता. मी फक्त येण्याजाण्याचं भाडं घेतलं, बोटाचे पैसे घेतले नाहीत. पुढं ज्या गाड्यांना वायरीऐवजी पंपावर सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा खटका, आला, तिथं किल्ली फिरवली की टक् असा आवाज यायला पाहिजे. नाही आला तर आधी फ्यूज बघा.

त्यानंतर टाकी. काटा अर्धी टाकी दाखवतो त्याला मी मानत नाही, काठी घालून बघतो. झाकणाचं भोक बघा. डिझेल ओढलं जातं तेवढी हवा आत यावी लागते. झाकण हरवलं म्हणून कोणी प्लास्टिकची पिशवी सुतळीनं करकचून बांधतं, मग टाकी आतून ओढ धरते. गाडी दोन-चार किलोमीटर जाते, मरते, तासाभरानं पुन्हा चालू होते. लोक म्हणतात भूत लागलं. पिशवी सोडली की सूं करून हवा आत जाते, आणि भूतही जातं. एका गाडीत तर टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, आणि इतकं नीट की फोडताना वाईट वाटलं.

आता हवा. आपल्याकडे म्हणतात, गाडीनं एअर घेतली. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथं शहाणी माणसंही फसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे तिथं कुठं फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. जागा कोरडी ठणठणीत दिसते. ड्रायव्हर सांगतो, मिस्त्री, कुठंच लिकेज नाही. अरे बाबा, म्हणूनच शोधायचं! फीड पंपाच्या पुढची गळती मात्र ओली असते, तिच्यावर धूळ चिकटते, ती आंधळ्यालाही हाताला लागेल. पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टाचे, बँजो बोल्टाचे, तांब्याचे वॉशर पुन्हा पुन्हा वापरले की कडक होतात आणि बसत नाहीत. नवे नसतील, तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं.

संशय पाइपावर आहे की पंपावर, हे ठरत नसेल तर आम्ही गाडीला सलाइन लावतो. स्वच्छ डिझेलचा डबा पंपापेक्षा उंच बांधायचा, नळीनं सरळ फीड पंपाला जोडायचा, टाकी आणि तिचा पाइप वगळायचा. एअर काढून सेल्फ मारायचा. चालू झाली, तर दोष मागं आहे, पंपाला कोणी हात लावू नका.

एअर काढायची रीत बहुतेकांना येते, म्हणून थोडक्यात. फिल्टरवरचा स्क्रू ढिला, हँड प्रायमर, म्हणजे फीड पंपाचा हातानं मारायचा दट्ट्या, मारत राहा, फेस बंद होऊन नितळ धार आली की प्रायमर मारता मारताच आवळा. मग तसंच पंपावरच्या स्क्रूला. मग दोन-तीन नोझलांच्या पाइपांचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल उडायला लागलं की आवळा. फिल्टरमधलं थोडं डिझेल बाटलीत घेऊन पाच मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाला बसेल, पाणी जड असतं. ड्रममध्ये डिझेल साठवणाऱ्यांच्या गाड्यांत पावसाळ्यात हे हमखास दिसतं. आणि रेशनचं निळं रॉकेल स्वस्तात मिळायचं तेव्हा ते मिसळणाऱ्यांना काय बोलावं? पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. रॉकेलनं गाडी चालते, प्लंजर झिजतो, आणि गरम इंजिन बंद केलं की पुन्हा चालू व्हायला रडवतं.

इथं एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगतो. नोझल बाहेर काढून फवारा बघताना हात समोर धरू नका. नोझल दोनशे किलोच्या आसपासच्या दाबावर उघडते. तो फवारा कातडीतून आत जातो. बाहेर सुईएवढं टोक दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा, आणि डिझेल आत गेलं आहे हे डॉक्टरला स्पष्ट सांगा. मी एका पोराचं बोट गेलेलं पाहिलं आहे.

आता दुसरी बाजू. पांढरा धूर येतो, पण गाडी पकडत नाही. तर पहिल्यांदा सेल्फचा वेग. ट्रकला दोन बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्ट. सेल्फ मारताना मीटर एकोणीसच्या खाली उतरला, तर बॅटरी किंवा केबल. हात लावून बघा, जो जोड गरम लागेल तिथं चोर आहे, बहुतेक वेळा इंजिनाची अर्थिंगची पट्टी. मे महिन्यात चंद्रपूर पंचेचाळीसच्या वर जातं तेव्हा हीच गाडी अर्ध्या फेऱ्यात पकडते, आणि डिसेंबरच्या पहाटे खोकत राहते. म्हणजे थंडीनं बिघडली असं नाही. अशक्तपणा होताच, थंडीनं फक्त चव्हाट्यावर आणला.

वेग ठीक असेल, तर कान लावा. सहाही सिलिंडर सारखे असले की सेल्फचा आवाज जात्यासारखा एका लयीत येतो. एकाचा दाब गेला की लय इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत एका जागी ढळते. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाची आतली हवा सोडणाऱ्या नळीतून, भकाभका हवा येत असेल, तर रिंग-लाइनर संपले. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट फार कसले असले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, तो मात्र अर्ध्या तासाचा इलाज. पंप नुकताच कोणी काढून बसवला असेल, तर टायमिंगच्या खुणा बघा. पंप इंजिनाच्या अर्ध्या वेगानं फिरतो, म्हणून एक पूर्ण फेरा चुकवून बसवणारे महाभाग निघतात. खुणा तंतोतंत जुळलेल्या, आणि डिझेल पडतंय भलत्याच वेळी!

धुराला झोंबरा वास नसेल, नुसती वाफ असेल, रेडिएटरमध्ये पाणी कमी होत असेल, इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाखालची पट्टी, गेली. अशा वेळी फिरता सेल्फ अचानक थडकन थांबला, तर हात काढून घ्या. सिलिंडरात पाणी भरलेलं असू शकतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

(इथे मागच्या रांगेतून एकानं विचारलं: "मिस्त्री, पेट्रोलचा बोळा एअर फिल्टरपाशी धरला तर पकडते ना?")

पकडते. मीही केलं आहे, खोटं कशाला बोलू. पण पेट्रोल नोझलची वाट पाहत नाही, पिस्टन वर पोचायच्या आधीच भडकतं. पिस्टनच्या डोक्याला आणि रिंगांना तो हातोडा बसतो. शिवाय कापसाच्या गाडीजवळ पेट्रोलचा बोळा? ज्यानं गंजी पेटलेली पाहिली आहे तो हे करणार नाही.

तर बाहेर अंगणात एक जुनी गाडी उभी आहे. दुपारीच मी तिच्यात मुद्दाम एक खोड करून ठेवली आहे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मग मिनिटभर थांबायचं, बॅटऱ्या माझ्या स्वतःच्या आहेत. पाने टायरजवळ ठेवलेत, पण पहिली पाच मिनिटं त्यांना कोणी हात लावायचा नाही. एकानं मागं सायलेन्सरपाशी जाऊन उभं राहा. अध्यक्ष, तुम्हीच या, तुमचा पांढरा सदरा आहे, धूर आला तर आम्हाला लांबूनच दिसेल.