किल्लारीनंतरची झोप

(लातूर–उमरगा रस्ता. दोन्ही बाजूंना काढणीला आलेलं सोयाबीन. किल्लारीची पाटी.)

लातूरहून औशामार्गे उमरग्याकडे निघालं की वाटेत किल्लारी लागतं. चाळिशीपुढच्या कुठल्याही मराठी माणसाला या नावासोबत तारीख सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं उशिरा आडवी झाली होती.

लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं त्या पहाटे खाली बसली. सरकारदरबारी मृतांचा आकडा आहे ७,९२८. त्या सकाळची दृश्यं पुष्कळदा दाखवून झाली आहेत, ती आम्ही पुन्हा दाखवणार नाही. आम्हाला विचारायचं होतं ते पुढच्या रात्रींचं. वाचलेली माणसं झोपायला कधी लागली?

(जुन्या गावठाणातली अर्धवट उरलेली दगडी भिंत. कॅमेरा जवळ जातो : दगड, मधली माती, त्यात रुजलेलं गवत.)

ही भिंत नीट बघा. दोन-अडीच फूट जाड, काही घरांत त्याहूनही जाड. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये मातीचा भरणा. आतल्या-बाहेरच्या दगडांना एकमेकांत बांधणारा लांब दगड क्वचितच सापडतो. वर लाकडी माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात असं घर गार राहतं, जाड भिंतीत चोराचं भय नाही. मराठवाड्यात भरभक्कम घर म्हणजे हेच. जितकं घर मोठं, तितकं माळवद जड. त्या पहाटे हाच भक्कमपणा अंगावर आला.

याआधीची एक गोष्ट बाहेर फारशी माहीत नसते. ऑगस्ट १९९२ पासून किल्लारीला धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर चांगलाच जाणवला होता. लोक घाबरून अंगणात, रानात झोपायला लागले. मग धक्के कमी झाले, पावसाळा आला, आणि माणसं घरात परतली. म्हणजे भीती आधी आली होती आणि माणसांनी तिची समजूतही काढली होती. पुढे कुणी ‘आता काही होत नाही, आत झोपा’ म्हणालं, तर ते या लोकांना कसं पटावं? हेच वाक्य त्यांनी एकदा स्वतःला सांगून पाहिलं होतं.

(पावसाचा आवाज. काळा पडदा.)

भूकंपामागून पाऊस आला. ढिगारे उपसणं चालू, वर पाऊस, खाली चिखल. लाकडं पुरेनात तेव्हा एकाच चितेवर कितीतरी जणांना अग्नी द्यावा लागला. कुणाचं तोंड बघायला मिळालं, कुणाचं नाही. कुणाची राख कोणती, हे सांगणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडे घरात कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी भाकरी-पिठलं घेऊन येतात, शेजारी बसतात, ‘दोन घास खा’ म्हणून मागे लागतात. याला कडू घास म्हणतात. मग दहावं, तेरावं, भेटायला येणारी माणसं, गळ्यात पडून रडणं. मानसोपचाराचं नावही कानावर न पडलेल्या गावांनी दुःख पचवायची ही रीत शेकडो वर्षं चालवली. पण तिला एक गोष्ट लागते : शेजारचं घर शाबूत असावं लागतं. इथे भाकरी घेऊन यायचं ते घरच नव्हतं. अख्ख्या गल्लीचं सुतक एकाच दिवशी सुरू झालं.

भाकऱ्या बाहेरून आल्या, हे खरं. सोलापूर, लातूर, पुण्याहून ट्रक भरभरून आल्या. महाराष्ट्राने तेव्हा हात आखडता घेतला नाही. सोबत जुन्या कपड्यांचे ढीगही आले, इतके की रस्त्याकडेला भिजत पडले. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण काल स्वतःच्या दुभत्याचं दूध विकणाऱ्या बाईने आज रांगेत उभं राहून कुणाची तरी उसवलेली साडी घ्यायची, या गोष्टीचा हिशेब मदतीच्या कुठल्याच यादीत नव्हता.

(तंबू, पत्र्याची शेड्स. १९९३–९४ मधली छायाचित्रं.)

शेडमधल्या दवाखान्यात माणसं यायला लागली. तक्रारी काय? छातीत धडधड. हातापायाला मुंग्या. अन्न गोड लागत नाही. डोळा लागला की दचकून उठायला होतं. ‘मन आजारी आहे’ असं कुणी म्हणत नव्हतं. दुःख अंगातून बोलत होतं. पत्र्यावरून मांजर गेलं तरी सगळी शेड बाहेर धावायची. ट्रक गेला की जमीन हलल्यासारखी वाटायची. आणि ती अधूनमधून खरोखरच हलत होती, कारण पुढचे धक्के कितीतरी महिने बसत राहिले.

इथे आघात म्हणजे काय, ते जरा समजून घेऊ. जिवावरचा प्रसंग आला की शरीर पळायला किंवा झुंजायला तयार होतं : काळीज जोरात चालतं, श्वास वाढतो, कान टवकारतात. प्रसंग टळला की हे सगळं उतरायला हवं. काहींचं उतरत नाही. मेंदूचा पहारेकरी झोपायचं नाव घेत नाही. मग घडून गेलेली गोष्ट आठवणीसारखी मागे राहत नाही. ती आत्ता, या क्षणी घडते आहे असं वाटतं. ओल्या मातीचा वास आला, गणपतीचा ताशा वाजला, की अंगाला घाम फुटतो. माणूस मग ती जागा टाळतो, तो विषय टाळतो, हळूहळू माणसं टाळायला लागतो. वैद्यकशास्त्राने या अवस्थेला स्वतंत्र आजार म्हणून नाव दिलं १९८० मध्ये, म्हणजे किल्लारीच्या अवघी तेरा वर्षं आधी.

भूकंपानंतर मानसोपचारतज्ज्ञांच्या एका पथकाने काही प्रौढांची तपासणी केली. संख्या थोडी होती, पण त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना निदान करण्याजोगा मानसिक त्रास आढळला. बायकांना अधिक. आणि उपचाराची सोय? महाराष्ट्रात तेव्हा सरकारी मनोरुग्णालयं चार : पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नव्हतं. किल्लारीहून येरवडा तीनशे किलोमीटरच्या वर. आणि येरवडा हे नाव घेतल्यावर गावात कुणी कसं बघतं, ते वेगळं सांगायला नको.

(नवं गाव. सरळ, रुंद रस्ते. एकासारखी एक घरं.)

घरं मात्र उभी राहिली. जागतिक बँकेच्या कर्जातून, देशभरच्या संस्थांच्या मदतीने बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. इतक्या मोठ्या कामाला नावं ठेवणं सोपं आहे. तरी एक गोष्ट बोललीच पाहिजे. घराचा आकार जमिनीवरून ठरला : भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. बऱ्याच गावांत या मापांप्रमाणेच रांगा पडल्या. दोघा भावांच्या वाटणीत फरक असेल, तर एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. जुन्या गल्लीत हाकेसरशी धावून येणारी शेजारीण आता तीन रस्ते ओलांडून पलीकडे. कागदावर गाव ऐसपैस झालं. पण म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी टेकायला कट्टा उरला नाही.

(एका घराचा बाजूचा भाग. सिमेंटच्या घराला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये खाट, वाकळ, पाण्याची कळशी.)

आणि हे बघा. भूकंपरोधक म्हणून बांधलेलं पक्कं घर, आणि त्याला टेकून पत्र्याची शेड. घरात धान्य, पेट्या, कपाट. माणसं झोपायला शेडमध्ये. खाट दाराच्या तोंडाशी. वर पडलंच तर पत्रा पडेल, त्याने मरण येत नाही, हा यामागचा साधा हिशेब. तपासायला आलेल्या साहेबांना हा अडाणीपणा वाटत असे. आम्हाला वाटत नाही. माणूस स्वतःचं औषध स्वतः मोजून घेत होता : घर आहे, पण आज रात्री दाराशी. पुढच्या वर्षी कदाचित ओसरीत. एखाद्या पावसाळ्यात, गळायला लागलं म्हणून, आत.

आघातावरच्या उपचारात आज नेमकं हेच करतात, फक्त जाणत्या माणसाच्या सोबतीने. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ पायरी-पायरीने जायचं. आधी दिवसा, दार उघडं ठेवून, कुणीतरी शेजारी असताना. घडलेलं सांगायचं तेही झेपेल तितकंच. प्रसंग घडल्याबरोबर सगळ्यांना गोल बसवून एकेकाकडून सगळं वदवून घ्यायची एक पद्धत त्या काळात जगभर चालत होती. पुढच्या अभ्यासांत दिसलं की एका बैठकीत असं उकरून काढल्याने आजार टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो. सुरुवातीला लागतं ते साधं असतं : सुरक्षित जागा, पोटाला अन्न, आपली माणसं कुठे आहेत याची खरी बातमी, आणि बोलावंसं वाटलं तर ऐकणारा कान. बहुतेकांचं मन एवढ्यावर काही महिन्यांत सावरतं. ज्यांचं सावरत नाही त्यांना समुपदेशन लागतं, काहींना औषध लागतं. नुसत्या झोपेच्या गोळीने हे सुटत नाही, आणि ती गोळी आपल्या मनाने वर्षानुवर्षं घेत राहणं धोक्याचंच.

(बायकांची बैठक. हसण्याचा आवाज.)

किल्लारीत एक वाट अनपेक्षित ठिकाणाहून निघाली. ज्या गावांचं स्थलांतर झालं नाही, तिथल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण लोकांनीच करायचं ठरलं. हजाराहून अधिक गावं. या कामात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावागावांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ केलं. काम कोरडंच : कुणाचा हप्ता अडकला, सिमेंटचं पोतं कुठे गेलं, भिंतीत आडवा दगड घातला की नाही. मनाविषयी त्यात काही नव्हतं. पण डोक्यावरचा पदर सावरत बायका इंजिनिअरला प्रश्न विचारायला लागल्या. जी भिंत अंगावर आली होती, ती का आली हे त्यांना कळलं. कशी बांधली म्हणजे येणार नाही, तेही कळलं. शिवाय आठवड्याला बैठक, म्हणजे घराबाहेर पडायला कारण. आमच्या मते, त्या भागातला हा मोठा मानसोपचार होता. त्यावर तसा शिक्का कुणी मारला नाही, म्हणूनच तो बिनबोभाट पार पडला.

मुलांची कहाणी वेगळी. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातल्या बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. ज्ञान प्रबोधिनीने लोहारा तालुक्यात हराळीला शाळा उभी केली. मुलांना वेळापत्रक मिळालं, मैदान मिळालं, आणि आपल्यासारखीच दुसरी मुलं मिळाली. ‘तुझं कोण गेलं?’ हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. ती मुलं आज स्वतः आई-बाप आहेत.

पुरुषांचं अवघड झालं. त्यांच्यासाठी बैठका नव्हत्या, आणि चारचौघांत रडायची मुभाही नव्हती. हातात मदतीचा पैसा आला आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत तो दारूच्या वाटेने गेला. त्यातही सर्वांत गप्प ते, जे त्या रात्री घरात नव्हतेच. रानात जागलीला गेलेले, मुंबई-पुण्याला कामावर असलेले. ‘मी असतो तर एकाला तरी ओढून काढलं असतं’ हा विचार वर्षानुवर्षं सोबत करतो. अशा माणसाला ‘तू वाचलास, नशीब समज’ असं म्हणू नये. तो वाचला, हीच त्याची टोचणी असते.

(कच्छचा नकाशा. जानेवारी २००१.)

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. भाषा येत नव्हती. पण तंबूत बसलेल्या बाईपाशी जाऊन बसायला भाषा लागत नाही. मराठवाड्यातल्या बायकांनी तिथे सांगितलं : घर आपलं आपण बांधून घ्या, कंत्राटदारावर सोडू नका, जागा ठरवताना शेजार धरून ठेवा. किल्लारीला जे उशिरा उमगलं, ते त्यांनी पदरात बांधून नेलं होतं.

(माळीण. तळिये. इर्शाळवाडी.)

महाराष्ट्रावर त्यानंतरही डोंगर कोसळले. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. पंचनामे झाले : घर पूर्ण पडलं की अंशतः, जनावरं किती, भांडी किती. झोप लागते का, पाऊस आला की काय होतं, हे विचारणारा रकाना त्या कागदावर अजून नाही. तो असावा, आणि घटनेनंतर सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा भरला जावा. कारण पहिल्या आठवड्यात सगळेच जागे असतात. खरी ओळख नंतर पटते.

एक फरक मात्र पडला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन फुकट, चोवीस तास चालू, मराठीतून बोलता येतं. महिना उलटून गेल्यावरही रात्री दचकून उठायला होत असेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, माणसं नकोशी झाली असतील, किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर हा नंबर लावा. जीव द्यावासा वाटत असेल तर महिनाभर थांबू नका, आत्ताच लावा. घरातल्या कुणासाठी विचारायचं असेल, तरीही चालतं.