शनिवारी घडलेला सिनेमा

(कृष्णधवल चौकट. लंडनचा गजबजलेला रस्ता. हातात धरलेला, किंचित हलणारा कॅमेरा.)

एक बेकार तरुण. लेखक व्हायचंय, पण लिहून काही होत नाही. मग तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसांच्या मागे मागे चालू लागतो. नियम त्याचा त्यानेच घातलेला: एकाच माणसाच्या मागे पुन्हा जायचं नाही. हा नियम तो मोडतो, आणि कॉब नावाच्या चोराच्या हाती सापडतो.

१९९८ सालचा ‘फॉलोइंग’. ख्रिस्तोफर नोलनचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. लांबी जेमतेम ७० मिनिटं, खर्च सुमारे ६,००० डॉलर.

या पैशांत काय येतं? मुख्यतः कच्ची फिल्म. १६ मिलिमीटरची फिल्म महाग, ती वाया घालवणं परवडणारं नव्हतं. म्हणून एखादं नाटक बसवावं तशी महिनोन्‌महिने तालीम झाली, आणि कॅमेऱ्यासमोर एका-दोन टेकमध्ये प्रसंग उरकला. मंडळी सगळी नोकरी करणारी. सुट्टी शनिवारी, त्यामुळे शूटिंगही शनिवारी. असं वर्षभर चाललं. कॅमेरा खुद्द नोलनच्या खांद्यावर, घरं ओळखीपाळखीची.

(खिडकीशेजारचा चेहरा. अर्धा उजेडात, अर्धा काळोखात.)

हा उजेड पाहा. दिव्यांचा ताफा नव्हता. खिडकीतून येईल तेवढ्यावर भागवायचं. रंगीत चित्रपटात ही ओढाताण लगेच डोळ्यांवर आली असती. इथे मात्र चेहऱ्याचा जो भाग अंधारात राहिला, तिथेच संशय दबा धरून बसला. नॉयर चित्रपटाला, म्हणजे गुन्हा आणि संशयाच्या काळोख्या गोष्टीला, आणखी काय हवं असतं?

माझा सगळ्यात आवडता प्रसंग डब्याचा. दोघं परक्या घरात शिरलेत. कॉबला एक डबा सापडतो: फोटो, पत्रं, बारीकसारीक वस्तू. विकायला गेलं तर कवडीमोल. कॉब म्हणतो, असा डबा प्रत्येकाकडे असतो. आपल्याकडे काय होतं हे माणसाला ते गेल्यावरच कळतं, असं त्याचं चोरीचं तत्त्वज्ञान. अ‍ॅलेक्स हॉ (कॉब झालेला नट) हे इतक्या शांतपणे बोलतो की त्या घरात आपणही चोरासारखे उभे आहोत असं वाटून अंगावर काटा येतो. एक खोली, दोन नट आणि एक डबा, बस्स.

गोष्ट सरळ रेषेत येत नाही. काळ मागेपुढे उड्या मारतो, आणि वाट दाखवायला असतो फक्त तरुण झालेल्या जेरेमी थिओबाल्डचा चेहरा. आधी वाढलेले केस, मग नीट कापलेले केस आणि सूट, मग सुजलेला डोळा. पहिल्यांदा मी गोंधळलो. तिसऱ्यांदा पाहताना आवाज बंद केला आणि नुसता तो चेहरा पाहत गेलो. दर वेळी कळत होतं आपण कुठे आहोत ते. आणि नवा सूट घालून तो हसला, तेव्हा त्याला हाक मारून थांबवावंसं वाटलं.