मंगळवारच्या बायका

नमस्कार श्रोतेहो.

सिस्टरनं तीनदा सुई टोचली आणि तिन्ही वेळा नस सापडली नाही. तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या मावशी म्हणाल्या, "बाई, घरनं गरम पाण्याची पिशवी आणायची असती. आधी हात शेकायचा, मग शीर वर येती." आणि स्वतःच्या मांडीवरची पिशवी त्यांनी माझ्या उजव्या हाताखाली सरकवली. दहा मिनिटांत सलाईन सुरू झालं. माझं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन डाव्या बाजूचं, त्यामुळे त्या हाताला सुई लावू द्यायची नाही हे डॉक्टरांनी बजावलं होतं. उरलेला एक हात कसा सांभाळायचा, ते मात्र मंचरच्या मावशींकडून कळलं.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या एका रुग्णालयाचा डे-केअर विभाग, आणि दर तिसरा मंगळवार. आमच्या केमोथेरपीची एक सायकल एकवीस दिवसांची होती, म्हणून ज्यांची तारीख एक, त्यांची गाठ पुन्हा पुन्हा पडत राहते. तिथे आडनावं कोणी फारशी विचारत नाही. मंचरच्या मावशी, धायरीच्या ताई, बँकेत नोकरी करणारी कोथरूडची मुलगी आणि सदाशिव पेठेतली मी. मी शाळेत शिकवत होते हे मावशींना पहिल्या दिवशी ठाऊकही नव्हतं, पण त्यांनी बाई म्हटलं ते कायमचंच.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्या देशातल्या बायकांना होणाऱ्या कर्करोगांत हा सगळ्यांत पुढे. एवढ्या बायका, आणि मला वाटत होतं आमच्या अख्ख्या पेठेत मी एकटीच. कारण उघड आहे. मी शेजारी सांगितलं होतं की हर्नियाचं ऑपरेशन झालं. आज मी रेडिओवर स्तन हा शब्द सरळ उच्चारते आहे. तेव्हा तो मी घरातही उच्चारला नव्हता. नवऱ्याशी बोलतानासुद्धा आम्ही "ते", "त्या बाजूचं" असंच म्हणायचो. माझ्यासारख्याच किती जणी हर्निया सांगून घरी बसल्या असतील!

मंगळवारी तो शब्द सहज निघायचा. धायरीच्या ताई तर लाल औषध लावताना सगळ्यांना आधीच सांगून ठेवत, "घरी गेल्यावर लघवी लाल होईल, घाबरू नका, रक्त नाही ते. औषधाचा रंग आहे." पहिल्यांदा औषध घेतलेल्या बाईला ही एक गोष्ट आधी कळली, तर तिची एक रात्र तरी धास्तीविना जाते.

केसांचं मात्र कोणी कितीही आधी सांगितलं तरी तयारी होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले. मुलानं मशीन फिरवून डोकं साफ केलं आणि मी बाहेरच्या खोलीत आले, तर चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्यांचं मला कळत होतं. माझ्या लहानपणी आमच्याकडे वडिलांची एक आत्या होती, लाल आलवणातली, केशवपन झालेली. सासूबाईंच्या माहेरीही तशी कोणी असणारच. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तो याच पुण्यात; त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी बाईचं बोडकं डोकं दिसलं की त्या पिढीच्या पोटात जे ढवळून येतं ते येतंच. त्यातून मी सवाष्ण. त्या मला एक अक्षर बोलल्या नाहीत. दोन दिवस आमच्या घरात कोणीच कोणाशी धड बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी आल्या. रक्ताच्या तपासणीसाठी त्या आदल्या दिवशीच मंचरहून एसटीनं वाकडेवाडीला उतरायच्या; त्या वेळी माझ्याकडे मुक्काम करा असं मी सांगून ठेवलं होतं. हातात सातगाव पठारचे बटाटे, पाच किलो तरी असतील, आणि डोक्यावरून घट्ट पदर. घरात आल्या, पाणी प्यायल्या आणि सासूबाईंसमोर बसून त्यांनी पदर खाली घेतला. त्यांचंही डोकं माझ्यासारखंच. मावशी खरोखरीच विधवा, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. म्हणाल्या, "आज्जी, हे औषधानं गेलंय. औषध थांबलं की उगवंल. नवरा गेला तवा एक केस नव्हता गेला माझा."

सासूबाईंनी हात पुढे केला आणि त्यांच्या डोक्यावरून फिरवला. बराच वेळ. मग विचारलं, "गार लागतं का गं?" डिसेंबर होता. त्या आठवड्यात त्यांनी लोकरीच्या दोन टोप्या विणल्या, एक मावशींची आणि एक माझी. तोवर माझ्या डोक्याला त्यांनी हात लावला नव्हता; टोपी घालताना लावला.

मैत्रीमुळे माझा जीव वाचला असं मी म्हणणार नाही. पण एका रात्री ती मैत्रीच कामी आली, तेही सांगायला हवं. दुसऱ्या केमोनंतरचा नववा दिवस. रात्री साडेदहाला अंग कसकसायला लागलं, ताप पाहिला तर शंभर पॉइंट सहा. एवढ्याशा तापाला कोण विचारतं? तापाची गोळी घ्यायची आणि झोपायचं, आयुष्यभर हेच केलेलं. सहज म्हणून कोथरूडच्या मुलीला मेसेज केला. तिचा लगेच फोन. "काकू, गोळी घेऊ नका, आत्ता निघा. मी काकांशी बोलते." केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खूप खाली येतात. अशा वेळी शंभराच्या वर गेलेला ताप म्हणजे रक्तात जंतू पसरण्याची सुरुवात असू शकते, आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो. हे सगळं मला दिलेल्या कागदावर छापलेलं होतं. मी तो कागद फायलीत नीट लावून ठेवला होता. माझ्या पेशी त्या रात्री नऊशेवर आलेल्या निघाल्या. चार दिवस अँटिबायोटिक्स चढवावी लागली. केमो सुरू असलेली कोणी बाई हे ऐकत असेल, तर तिनं एवढं ऐकून ठेवावं: ताप शंभराच्या वर गेला की सकाळची वाट पाहायची नाही.

आणि एक उलट बाजूही. आम्ही एकमेकींना औषधं कधी सांगितली नाहीत. गव्हांकुराचा रस, कुठल्या गावचा काढा, हे सांगायला नातेवाईक भरपूर असतात. आमचा ठराव होता की जे खायचं ते डॉक्टरांना विचारून, आणि बाकी सगळं एकमेकींना विचारून. तोंड आलं की काय गिळवतं? मेतकूट-भात, तोही गार. मळमळीला? मला आलेपाकाचा तुकडा चालायचा, ताईंना तो वासही सोसायचा नाही.

ऑपरेशननंतर काखेतल्या गाठी काढलेल्या असल्या की हात वर जात नाही. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम देतात. मी भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. पण रेघा पाहून हुरूप येत नाही. आम्हा बायकांचं माप वेगळं होतं: कपडे वाळत घालायची दांडी. तुमच्याही घरात छताजवळ असेल. ओली चादर काठीच्या टोकावर घेऊन दांडीवर टाकायची म्हणजे दोन्ही हात पुरते वर गेले पाहिजेत. एका सकाळी धायरीच्या ताईंचा मेसेज आला, फक्त दोन शब्द: "दांडी झाली." मी घरात नाचायचीच बाकी होते. यांना कळेना की दुसऱ्याच्या घरच्या चादरीचा मला एवढा आनंद कशाचा.

नंतर वाचलं की हे आमच्याही फार आधी कोणीतरी करून ठेवलंय. न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली टेरीस लॅसर नावाच्या बाईंचं स्तनाचं ऑपरेशन झालं. हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मग बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच रुग्णालयांत जाऊन नव्या बायकांना भेटायला लागल्या. सोबत व्यायामासाठी एक दोरी, एक रबरी चेंडू आणि ब्लाऊजच्या आत घालायची तात्पुरती गादी. सुरुवातीला काही डॉक्टरांना ही लुडबुड वाटायची. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं तेच काम आपल्याकडे घेतलं आणि पुढे ते देशोदेशी गेलं. दोरी, चेंडू आणि गादी! आमच्याकडे दांडी, काठी आणि तुळशीबाग.

कारण ती गादी आम्हीही शिवली. सिलिकॉनची बाजारात मिळते, पण किंमत ऐकून मावशी गप्प झाल्या. एका बाजूला वजन नसलं की खांदा उचलला जातो, मान दुखते, ब्लाऊज एकीकडे ओढला जातो. नुसता कापूस भरला तर तो हलका, चालताना वर सरकतो. ताई शिवणकाम करायच्या. तुळशीबागेतून मऊ सुती कापड आणलं, ब्रेसियरला आतून खिसा लावला, कापसाच्या मधोमध राळ्याची छोटी पुरचुंडी घातली, धुताना काढता येईल अशी. वजन घरच्या काट्यावर ग्रॅम ग्रॅम करून जमवलं. मावशी ती घालून आमच्या आरशासमोर आधी समोरून, मग बाजूनं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता लग्नाला जाती." भाचीचं लग्न होतं आणि त्या जाणार नव्हत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं.

पैशाचं थोडक्यात सांगते. मावशींचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाले. योजना चांगली आहे, पण रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला आणि त्या दोनदा परत गेल्या. कोथरूडची मुलगी आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलाशी त्यांच्याबरोबर अर्धा दिवस बसली, तिच्या हाताला ताजी पट्टी असताना.

आता थोडं जड बोलायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी धायरीच्या ताईंची पाठ दुखायला लागली. स्कॅनमध्ये आजार हाडांत गेलेला दिसला. चौथी स्टेज. त्यांनी आम्हा तिघींना कळवलं, आणि मी दीड महिना त्यांच्याकडे गेले नाही. रोज ठरवायचे. रोज काहीतरी निघायचं. खरं कारण एवढंच की त्यांच्याकडे पाहिलं की मला माझं पुढचं दिसत होतं. ज्या बायकांना आजार नाही त्या लांब राहिल्या, तर मी समजू शकते. पण मी लांब राहिले. मावशी मात्र मंचरहून तीनदा जाऊन आल्या होत्या.

शेवटी गेले. माफी मागायला लागले तर ताई म्हणाल्या, "बसा हो. भाजी निवडायची राहिलीय." मेथी होती. आम्ही निवडली. त्या दिवसापासून दर मंगळवारी जात राहिले. स्वारगेटवरून बस, हातात काहीबाही. कधी बोलायचो, कधी त्या झोपायच्या आणि मी खुर्चीत वाचत बसायचे. "धीर धरा", "तुम्ही लढवय्या आहात" असलं मी एकदाही म्हटलं नाही, कारण एकदा त्यांनीच सांगितलं होतं, "लोक लढ म्हणतात ना, मग हरले तर तीही माझीच चूक होते."

या बाबतीत एक संशोधन मला महत्त्वाचं वाटतं. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ साली लिहिलं की पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्याला एकत्र बसून बोलत होत्या, त्या जास्त जगल्या. जगभर आनंद झाला. मग कॅनडात २३५ स्त्रियांना घेऊन तसाच अभ्यास झाला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. वेदना मात्र कमी जाणवल्या आणि मनाचा त्रासही कमी झाला. पहिल्यांदा हे वाचून मी खट्टू झाले होते. ताईंच्या खोलीत बसल्यावर वाटलं, वेदना कमी जाणवणं ही किती मोठी गोष्ट आहे.

ताई गेल्या श्रावणात गेल्या. मेसेजमध्ये अजून त्यांचं "दांडी झाली" आहे.

आणि आज ऐकणाऱ्यांत अशी कोणी असेल जिचं पहिलं केमो येत्या आठवड्यात आहे, तिच्यासाठी. पुढून बटणं असलेला सैल कुर्ता किंवा ब्लाऊज घाला. एसीची थंडी असते, शाल न्या. पायात मोजे घाला. लिंबू बरोबर असू द्या, वास घ्यायला. घरून गरम पाण्याची पिशवी न्या. पाणी निवलं तर तिथे पुन्हा भरून मिळतं, मागायला संकोच करू नका. आणि शेजारच्या खुर्चीतल्या बाईला विचारा, कुठून आलात.

नमस्कार.