बिल मंजूर झालं का?

[दृश्य: साकीनाका. अर्धं शटर वर, आत लेथ चालू.]

साकीनाक्याच्या गल्लीतला हा छोटा गाळा. टर्नरनं पितळी बुश मशीनवरून उतरवला, फडक्यानं पुसला आणि त्याच्या भोकात माप तपासायचं प्लग गेज घातलं. 'गो'चं टोक आत सरकलं, 'नो-गो'चं अडलं. पीस पास.

गेज मोठ्या कंपनीचं, ड्रॉइंग तिचं, पितळेचा रॉडही तिचाच. गाळ्याचं काम जॉबवर्कचं. सुरुवातीला लॉट रिजेक्ट होऊन परत येतात. अशा वेळी कंपनीचा क्वालिटी इंजिनिअर इथे येऊन मशीनपाशी उभा राहिला, टूल कुठे झिजतंय आणि किती पीसनंतर माप घ्यायचं हे त्यानं दाखवलं, तर त्याहून मोलाची मदत नाही. उद्या पार्टी बदलली तरी हे शिकलेलं गाळ्यातच राहतं.

[दृश्य: टेम्पोत माल चढतोय. चलानावर सही.]

माल गेला, पैसे मात्र यायचे आहेत. बिल अकाउंट्सच्या टेबलावर पडतं आणि फोन सुरू होतात: "साहेब, आमच्या पेमेंटचं जरा बघा ना." इकडे भाडं, वीज आणि कारागिरांचा पगार थांबत नाही. हातात ऑर्डर असूनही गाळ्याला टाळं लागतं, ते इथे.

२००६च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. पण पुढची ऑर्डर ज्याच्या हातात, त्याच्याकडे व्याज मागायला कोण जाणार? एप्रिल २०२४पासून प्राप्तिकराचा चाप लागला. मुदत चुकवली, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च कंपनीला उत्पन्नातून वजा करता येत नाही.

दुसरी वाट 'ट्रेड्स'ची, म्हणजे लहान उद्योगांना बिलांचे पैसे बँकांकडून आधीच मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेची. लघु उद्योगांची विकास बँक सिडबी आणि राष्ट्रीय शेअर बाजारानं मिळून उभारलेली आरएक्सआयएल ही कंपनी २०१७पासून मुंबईतून हे काम करतेय. गाळेवाला बिल ऑनलाइन चढवतो, माल घेणारी कंपनी ते स्वीकारते, त्या बिलावर पैसे द्यायला बँका बोली लावतात आणि एक-दोन दिवसांत पैसे खात्यात येतात. व्याजदर ठरतो तो मोठ्या कंपनीची पत बघून. आणि पुढे तिनं पैसे थकवले, तरी बँक गाळ्याच्या मागे लागत नाही. तारण ठेवायला घर नसलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

[दृश्य: मोबाइलवर बिलाची स्थिती: 'प्रलंबित'.]

२५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना 'ट्रेड्स'वर नोंदणी सक्तीची आहे. पण कंपनीनं बिल स्वीकारल्याशिवाय एकही बँक बोली लावत नाही. लहान उद्योगांना हात द्यायचा असं जी कंपनी मनापासून म्हणते, तिनं आपल्या खरेदी विभागाला एवढंच सांगावं: माल तपासून पास झाला, की त्याच आठवड्यात बिल स्वीकारा.