किंग रँच : टेक्सासच्या रानात वशिंडाची गुरं

१८५४ साल. मेक्सिकोतलं क्रुइयास गाव दुष्काळानं होरपळलेलं. रिचर्ड किंग टेक्सासहून गुरं घ्यायला आला आणि गावानं होती नव्हती ती जनावरं विकली. कळप हाकत किंग निघाला खरा, पण गुरं गेल्यावर ही माणसं खाणार काय? तो मागं फिरला. अन्न, घर, पगार देतो, माझ्याबरोबर चला म्हणाला, असं सांगतात. बायकापोरांसह लोक बिऱ्हाड घेऊन निघाले.

किंग मूळचा बोटीवरचा कप्तान. घोडा, दोर, कळपाची राखण यांत मुरलेली होती ती ही माणसं. ‘किनेन्योस’, म्हणजे किंगची माणसं. या रँचची, म्हणजे गुरं पाळायच्या अफाट रानाची, गोष्ट सांगताना त्यांचं नाव आधी घ्यायला हवं.

१८५३ मध्ये किंगनं सांता गेर्त्रूदिस ओढ्याकाठी १५,५०० एकर रान घेतलं होतं. आजचा पसारा ८,२५,००० एकर, गोव्यापेक्षा थोडाच कमी. १८८५ मध्ये तो वारला; मागं राहिलं पाच लाख डॉलरचं कर्ज. पत्नी हेन्रिएटा आणि जावई रॉबर्ट क्लेबर्ग यांनी ते निभावलं. १८९९ मध्ये खोल विंधन विहिरीला पाणी लागलं, आपसूक वर उसळणारं. दुष्काळी रानाला केवढा आधार!

पाणी मिळालं, पण ऊन आणि गोचीड होतेच. विलायती शॉर्टहॉर्न गुरं त्यापुढं टिकेनात. मग आणले ब्रह्मन वळू. ही जात अमेरिकेत घडली, पण रक्त भारतातलं : गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठचंही. १९२० मध्ये ‘मंकी’ नावाचा लालभडक गोऱ्हा जन्मला. त्याच्या वंशातून सांता गेर्त्रूदिस जात उभी राहिली. १९४० मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. सोळा आण्यांतले दहा आणे शॉर्टहॉर्न, सहा आणे ब्रह्मन.

जवळून पाहा. तांबडी, तुकतुकीत, आखूड केसांची कातडी. गळ्याखाली लोंबती पोळी. सांगलीच्या बाजारात बैल पारखणारा शेतकरी त्या पोळीवरून हात फिरवील आणि ओळखेल.

कळप गोळा करायला आता हेलिकॉप्टरही येतं. पण झुडपांत दडलेलं जनावर बाहेर काढायला घोडेस्वारच लागतो. वासरू आडवं पाडतात, तापलेलं लोखंड टेकतं, केस जळल्याचा वास सुटतो. कातडीवर उमटतो नागमोडी डब्ल्यू, रँचनं १८६९ मध्ये नोंदवलेली तीच मालकीची खूण. दोर सुटतो. वासरू धडपडत उठतं आणि हंबरणाऱ्या आईकडे धावतं.