पडजिभेच्या मागे

(दृश्य: दवाखाना. टॉर्चचा उजेड, उघडलेलं तोंड.)

"आ करा. अजून थोडं."

डॉक्टर आधी गालफड पाहतात. आपल्याकडे दुखणं बहुतेक वेळा तिथंच सापडतं. चुन्याबरोबर मळलेल्या तंबाखूचा बार वर्षानुवर्षं जिथं धरला, नेमका तिथंच पांढरा चट्टा, मग न भरणारी जखम.

आता उजेड मागे सरकतो. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल, खाली जिभेचं मूळ. इथल्या कॅन्सरमागे एक विषाणूही असू शकतो: ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. त्याच्या शंभराहून अधिक प्रकारांपैकी घशाला मुख्यतः सोळावा नडतो. हाच प्रकार जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये सापडला होता. त्या कामासाठी २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

(दृश्य: टॉन्सिलचं मोठं केलेलं चित्र.)

टॉन्सिल वरून दिसतं तसं सपाट नसतं. त्यात खोल खाचा असतात आणि खाचांचं अस्तर फार विरळ. विषाणूला तिथं सहज थारा मिळतो. बहुतेकांचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावतं. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्या पेशींत त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिनं कामाला लागतात. बिघडलेल्या पेशीला रोखणारं पी५३ आणि पेशीच्या वाढीला लगाम घालणारं आरबी, हे दोन्ही राखणदार ती निकामी करतात. गाठ धरायला मात्र कित्येक वर्षं जातात.

अमेरिकेत घशाच्या या भागातले सुमारे ७० टक्के कॅन्सर एचपीव्हीशी जोडलेले आहेत. आपल्याकडच्या गाल-हिरड्यांच्या कॅन्सरमध्ये मात्र तंबाखू आणि सुपारीच मुख्य आरोपी. विषाणूचं नाव ऐकून कुणी पुडी पुन्हा खिशात घालू नये, एवढीच कळकळ.

हा विषाणू मुखमैथुनातूनही पसरतो. हे मोकळेपणी बोलायला हवं, कारण कुजबुजीमुळे घरचे रुग्णाकडेच संशयानं पाहू लागतात. संसर्ग इतका सर्रास आहे की त्यावरून कुणाचं चारित्र्य ठरत नाही. शिवाय एचपीव्हीमुळे झालेला घशाचा कॅन्सर उपचारांना बहुधा चांगली दाद देतो. सोळाव्या प्रकाराविरुद्धची लस आता पुण्यातही बनते. ती मुलींसारखीच मुलांनाही, नवव्या वर्षापासून देता येते.

(दृश्य: डॉक्टरांची बोटं जबड्याखालून मानेवर उतरतात. थांबतात.)

"ही गाठ कधीपासून?"

"दोन महिने झाले असतील. दुखत नव्हती, म्हणून दाखवली नाही, डॉक्टर."